सतरंजीचा फाटका कोपरा

मी एक जुनी सतरंजी आहे, मित्रांनो. पण माझी कीव करायला आला असाल तर आल्या पावली परत जा. माझे निळे-तांबडे पट्टे विटले आहेत, मधोमध चहाचा एक मोठा डाग आहे आणि डाव्या बाजूचा कोपरा चांगला वीतभर फाटला आहे. डागाकडे लक्ष गेलं की माझं डोकं फिरतं. कोपऱ्याचं मात्र मला दुःख नाही. आमचा शिपाई केरू मला अंथरतो तेव्हा मुद्दाम तोच कोपरा दाराकडे करतो, म्हणजे आत येणाऱ्याला तो आधी दिसावा. तो कसा फाटला, ते आज सांगते.

माझा जन्म तुरुंगातला. दचकू नका. नाशिकरोडच्या तुरुंगात कैदी हातमागावर सतरंज्या विणतात, त्यांतलीच मी एक. मला विणणाऱ्याचं नाव सावळीराम. तो कशासाठी आत आला होता ते मला ठाऊक नाही. त्याने सांगितलं नाही, आणि विचारायला मला तोंड नव्हतं. रात्री त्याला झोपायला हातभर जागा मिळायची, कूस बदलायची तर शेजारच्याला सांगावं लागायचं, असं तो हातमागापाशी बसून पुटपुटायचा. म्हणूनच की काय, मला त्याने हात न आखडता, चांगली रुंद विणली. मागावरून उतरवल्यावर त्याने मला अंगणात पसरलं, चारही कोपरे ओढून सरळ केले आणि म्हणाला, "बाई, तू तरी बाहेर चालली. बाहेर गेली की पसरून बस. अंग चोरू नको."

एवढं एकच त्याचं बोलणं मी जन्मभर जपलं आहे.

मला गावी आणलं ते केरूने. केरू आमच्या ग्रामपंचायतीचा शिपाई. त्याने मला एसटीच्या टपावर चढवलं आणि विंचूरच्या पलीकडे, कांद्याच्या वावरांनी वेढलेल्या आमच्या गावात उतरवलं. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. सांगितलं तर आमचे सरपंच खंडेराव नाना रागावतील, आणि त्यांना रागवायला हल्ली फार कारण लागत नाही. केरूने मला ग्रामपंचायतीच्या सभागृहात अंथरलं तेव्हा दाराजवळची पट्टी सोडली तर मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुरले. पोरं कोलांट्या मारायला धावली. केरूने त्यांना हाकललं, आणि मग कुणी बघत नाही असं पाहून स्वतःच चपला काढून माझ्यावरून एक फेरी मारली.

त्यानंतर गावातलं एकही कार्य माझ्यावाचून झालं नाही. साखरपुडे, बारशी, भजनी मंडळाचा सप्ताह, शाळेचं स्नेहसंमेलन, पोलिओचे डोस, बचत गटाच्या बैठका, सगळीकडे मी. तंटामुक्तीच्या बैठकीलाही मीच असायचे, आणि तिथे जेवढी भांडणं पाहिली तेवढी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत. निवडणूक आली की सगळ्या पक्षांना मी लागायचे. राजकारणातली माणसं चिडली की म्हणतात, "आम्ही काय जन्मभर सतरंज्याच उचलायच्या का?" जणू मला उचलणं म्हणजे फार मोठा कमीपणा. अहो, मला उचलायला दोन माणसं लागतात, आणि त्या दोघांना एका चालीने चालावं लागतं. तेवढं तरी या मंडळींना कुठे जमतं?

माझा खरा राग मात्र वेगळाच आहे. मी भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेली असले तरी माझ्यावर बसायचं कुणी, हे ठरून गेलेलं होतं. पुढे सरपंचांच्या जवळची मंडळी आणि मागे बाकीचे पुरुष. बायका यायच्याच कमी. आल्या तर दाराजवळ, माझ्या काठापलीकडच्या उघड्या फरशीवर, गुडघे पोटाशी घेऊन बसायच्या. माझी एवढी जागा रिकामी पडलेली असायची आणि त्या थंडगार फरशीवर. तिथे बसा असं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि वर या असंही कधी कुणी म्हणालं नाही. अशा वेळी मला सावळीराम फार आठवायचा.

दर एप्रिलमध्ये गावाच्या कडेच्या भीमनगरातून कुणीतरी मला मागायला यायचं. त्यांच्याकडे जयंतीचा कार्यक्रम असायचा. कार्यालयातून उत्तर मिळायचं, "सतरंजी धुवायला टाकलीय." मित्रांनो, तोवर मला एकदाही कुणी धुतलं नव्हतं. एका वर्षी ज्योत्स्ना नावाची एक लहान मुलगी वडिलांबरोबर आली होती. वडील दारात उत्तर ऐकत उभे होते तेव्हा ती खिडकीतून डोकावली, आणि कोपऱ्यात गुंडाळून उभी केलेली मी तिला दिसले. पुढे ती मोठी झाली, लग्न करून गावातच राहिली आणि आपल्या वॉर्डातून ग्रामपंचायतीवर निवडून आली. त्यानंतरच्या पहिल्याच एप्रिलमध्ये ती चौघी बायकांना घेऊन कार्यालयात हजर झाली. "धुवायला टाकलीय" हे उत्तर तयारच होतं.

"आमीच धुऊन आणतो ना मंग," ज्योत्स्ना म्हणाली, आणि त्या पाचजणींनी मला खांद्यावर घातलं.

त्यांनी मला खरंच धुतलं. हौदावर नेऊन, दगडावर आपटून, चांगलं घसाघसा. माझ्यातला तांबडा रंग इतका तांबडा आहे हे मलाच त्या दिवशी कळलं. जयंतीला पुढच्या रांगेत बायका बसल्या होत्या, मांड्या घालून. त्या वर्षापासून भीमनगराला कुणी ते उत्तर दिलं नाही.

आता कोपऱ्याची गोष्ट.

आमच्या गावात दर गुरुवारी बाजार भरतो. गावाच्या मधोमध बाजारतळ आहे, तिथे एक जुनं निंबाचं झाड आहे, आणि त्या झाडाखाली चतुराबाई भाजी विकायला बसते. नवरा तरुणपणीच गेला. थोड्याशा गुंठ्यांत मेथी, कोथिंबीर, वांगी पिकवायची आणि निंबाखाली बसून विकायची, यावर तिने दोन मुली वाढवल्या आणि त्यांची लग्नं केली. आता ती एकटीच आहे, वय झालं आहे, पण कुणापुढे हात पसरत नाही.

खंडेराव नानांच्या मनात आलं की बाजारतळावर पक्के गाळे बांधावेत आणि बाजार हमरस्त्यापलीकडे नाल्याच्या काठी हलवावा. गाळे कुणाकुणाला मिळणार हे गावात सगळ्यांना माहीत होतं. भाजीवाल्या बायकांना मिळणार नव्हते, हेही माहीत होतं. नाल्याकाठी सावली नाही आणि तिथवर गिऱ्हाईक येणार नाही. डोक्यावर पाटी घेऊन, ट्रकांच्या गर्दीतून हमरस्ता ओलांडणं चतुराबाईला या वयात झेपणारं नव्हतं. निंबाखालची जागा गेली असती तर तिची भाकर गेली असती.

असा ठराव ग्रामसभेत मंजूर व्हावा लागतो. ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा. तिथे खंडेराव नानांचा हात आणि चतुराबाईचा हात सारखाच मोजतात. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सभा होती. चतुराबाई बाजारातल्या बायकांना घेऊन आली. बहुतेकींची ही पहिलीच ग्रामसभा. बसल्या अर्थातच फरशीवर. पुरुष मोजकेच होते. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, डोकी मोजली आणि सांगितलं, "शंभर मतदार लागतात, तेवढे नाहीत. सभा तहकूब करण्यात येत आहे."

नानांनी खूण केली आणि केरूने मला गुंडाळलं.

दारात चतुराबाईने त्याला थांबवलं. "झाली का रं सभा?"

"झाली म्हनायची. सतरंजी गुंडाळली की सभा संपली."

"आन् गाळ्यांचं?"

"त्याचं तर नावबी कुणी काढलं नाय. बारगळलं आसंल."

केरू खोटं बोलत नव्हता. त्याने उभ्या आयुष्यात हेच पाहिलं होतं. लग्न असो, सप्ताह असो की सभा, सतरंजी गुंडाळली की माणसांनी घरी जायचं. बायकाही तशाच समजुतीने निघाल्या, आणि हसतखेळत निघाल्या. चतुराबाईने केरूच्या हातात मेथीची एक जुडी कोंबली.

पण तहकूब झालेली सभा संपलेली नसते, मित्रांनो. ती पुन्हा घेता येते, आणि पुन्हा घेतली की तिला शंभर माणसं लागत नाहीत. असतील तेवढ्यांत काम उरकतं. तारखेचा कागद कार्यालयाच्या आतल्या फळ्यावर लागला. बाहेरच्या माणसाला तो दिसायचा नाही. पुढच्याच आठवड्यात, कांद्याची लागण ऐन जोरात असताना, भर दुपारी केरूला मला अंथरायला सांगितलं.

"सगळी नको," नाना म्हणाले. "अर्धीच उलगड."

माझ्या अर्ध्या अंगावर दहा-बारा माणसं बसली. चहा आला, कुणाचा तरी कप कलंडला. हा डाग तेव्हाचा. ठराव वाचला, हात वर झाले, ठराव मंजूर झाला आणि मी पुन्हा गुंडाळले गेले. त्या वेळी गावातल्या बायका वाफ्यात वाकून रोपं लावत होत्या. ज्योत्स्नाही त्यांच्यातच होती. कुणालाही पत्ता नव्हता.

मला आलेला संताप आजही उतरलेला नाही. माणसांनी बसावं, बोलावं म्हणून मला विणलं, आणि या लोकांनी मला गुंडाळून बायकांना घरी पाठवलं आणि उलगडून त्यांची जागा काढून घेतली. मला हातपाय असते तर त्या दुपारी मी त्या सगळ्यांना चहासकट बाहेर झटकलं असतं.

एका गुरुवारी बाजारतळावर चुन्याच्या फक्कीची पांढरी आखणी दिसली. एक रेघ निंबाच्या बुंध्याला चिकटून गेली होती. चतुराबाई पाटी खाली न ठेवता, तशीच डोक्यावर घेऊन कार्यालयात आली. केरू झाडलोट करत होता.

"केरू, तू म्हनला व्हता सभा झाली."

केरूने झाडू थांबवला. "मलाबी तसंच वाटलं व्हतं, चतुराबाई."

ज्योत्स्ना आत भाऊसाहेबांना जाब विचारून नुकतीच बाहेर आली होती. तिने चतुराबाईच्या डोक्यावरची पाटी उतरवली, तिला बाकावर बसवलं आणि तहकूब म्हणजे काय ते सांगितलं. चतुराबाईने दोनदा ऐकून घेतलं.

"म्हंजे शंभर भरले की त्यांना सभा मोडता येत नाय."

"नाय येत."

"आन् शंभर भरोस्तोवर आपन उठलोच नाय तर?"

ज्योत्स्ना तिच्या शेजारी बाकावर टेकली. "तसं अजून कुणी करून नाय पायलं, मावशी."

"मंग करून पाहू," चतुराबाई म्हणाली आणि पाटी उचलून बाजाराला गेली.

ठराव रद्द करा, असा अर्ज बायकांनी सह्या-अंगठे करून दिला. त्यामुळे एक मेच्या ग्रामसभेत तो विषय घेणं भाग पडलं. नानांनी तो हसत हसत घेतला, कारण त्यांना पंचांग पाठ होतं. त्या वर्षी एक मेला लग्नाची मोठी तिथी आली होती. शेजारच्या गावात त्यांच्याच भावकीत लग्न होतं, गावातले बहुतेक पुरुष वऱ्हाडात जाणार होते. उन्हाळी कांदा निघालेला, म्हणून उरलेल्या बायका साठवणीच्या चाळींवर कांदा भरायला जाणार होत्या. शंभर माणसं येणार कुठून? सभा पुन्हा तहकूब होणार, पुन्हा कुठल्या तरी दुपारी मी अर्धी उलगडली जाणार आणि बायकांचा अर्ज दहा-बारा माणसं फेटाळून लावणार, असा त्यांचा हिशेब होता. असले हिशेब त्यांचे सहसा चुकत नसत.

झेंडावंदन झालं. केरूने मला अंथरलं. बायका आल्या आणि सवयीने दाराजवळच्या फरशीकडे वळल्या. चतुराबाई बसता बसता थांबली. तिने चपला काढल्या आणि ती सरळ माझ्यावर आली. मधोमध, नेमकी चहाच्या डागावर येऊन मांडी घालून बसली.

"या गं वर," तिने बायकांना हाक मारली. "ही काय कुणाच्या घरची हाय का? गावाची हाय."

त्या आल्या. आधी बिचकत, पदर सावरत, कडेकडेने. मग पुढे सरकल्या. मातीत राबून भेगाळलेल्या त्यांच्या टाचा माझ्या धाग्यांत अडकत होत्या, आणि खरं सांगते, इतक्या वर्षांत एवढं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. भीमनगरातून ज्योत्स्ना तिच्या बायकांना घेऊन आली. थोडेसे पुरुषही होते. भाऊसाहेबांनी मोजलं. शंभराला बरेच कमी होते. ठरलेला वेळ गेला तसे त्यांनी नानांकडे पाहिलं.

"तहकूब करा," नाना म्हणाले. "केरू, सतरंजी गुंडाळ."

कुणी उठलं नाही.

नाना गोड आवाजात म्हणाले, "चतुरामावशी, संपली सभा. उठा आता. ऊन वाढल्यावर घरी जायला त्रास व्हईल तुमाला."

"संपली कशी? आमी बसल्यालो हाय."

"शंभर नाहीत ना पण."

"येतील."

"येतील तवा येतील. केरू, तुला काय सांगितलं मी?"

केरू माझ्या काठाशी आला. वाकला. माझी कड हातात धरली आणि सोडून दिली.

"नाना, गुंडाळू कशी? मानसं बसल्यात."

"त्यांना उठव मग."

"बसल्या मानसाच्या अंगाखालून सतरंजी काढत नाय कुणी. जेवत्याला पानावरून उठवल्यावानी हाय ते." केरूने सुटलेली कड हाताने सरळ केली. "एकदा गुंडाळली आन् या बाया फसल्या. आता माझ्याच्यानं नाय व्हायचं."

केरूने सरपंचाला नाही म्हटल्याचं त्याआधी मी कधी ऐकलं नव्हतं. सभागृहात कुजबूज सुरू झाली. चतुराबाई शांतपणे म्हणाली, "गुंडाळायची तर आमच्यासकट गुंडाळा, नाना. मंग कुठं ठेवायची तिथं ठेवा."

दाराशी कुणीतरी हसलं, आणि ते हसू नानांना लागलं. ते तरातरा पुढे आले, खाली वाकले, माझा डावा कोपरा दोन्ही हातांनी धरला आणि जोर लावून ओढला.

सावळीरामची वीण होती. माझ्यावर बायका बसल्या होत्या. मी सरकले नाही, फाटले. टर्रकन आवाज झाला. नानांच्या हातात माझ्या दोऱ्यांचा झुबका राहिला. चतुराबाईने फक्त आपला हात माझ्यावर टेकवला, जशी ती आजारी गाईच्या पाठीवर ठेवत असेल, आणि बसल्या जागची हलली नाही.

ज्योत्स्नाने भाऊसाहेबांकडे वळून विचारलं, "तहकूब म्हणून लिहिलं का तुम्ही?"

भाऊसाहेबांच्या हातात पेन होतं. त्यांनी नानांकडे पाहिलं, माझ्या फाटक्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. "माणसं उठून गेल्यावरच मी लिहितो. आजवर तसंच लिहीत आलोय."

"म्हणजे सभा चालू आहे."

"थांबू या थोडं," भाऊसाहेब म्हणाले.

दारात उभ्या असलेल्या भाग्यश्रीने हे सगळं मोबाईलवर टिपलं होतं. ती चतुराबाईची शेजारीण. तिने तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला. आधी तो कांद्याच्या चाळींवर पोचला. थोड्याच वेळात तिथल्या बायका आल्या, केसांत कांद्याचे पापुद्रे, अंगावर धूळ, डोळे लाल. कुणी काही विचारलं नाही, आल्या आणि बसल्या. मग तो लग्नाच्या मांडवात पोचला. नुकतंच लग्न लागलं होतं आणि पंगत बसत होती.

मोटारसायकलींचा आवाज मी आधी ऐकला. मग डोक्याला फेटे आणि खांद्यावर अक्षता अशी माणसं दारात दिसू लागली. भरल्या पानावरून उठून आली होती. खोटं कशाला बोलू, त्यांतल्या निम्म्यांना बाजारतळाशी काही घेणंदेणं नव्हतं. गाळे झाले असते तरी त्यांचं काही अडलं नसतं. पण म्हाताऱ्या बाईच्या अंगाखालून सतरंजी ओढलेली त्यांना बघवली नाही. नानांचा चुलतभाऊ नवनाथ सगळ्यांत पुढे होता.

"नाना, सगळ्या मांडवानं पायलं," तो म्हणाला. "भावकीत तोंड दाखवायला जागा नाय ठेवली तुमी."

नानांनी हातातला दोऱ्यांचा झुबका खिशात कोंबला.

आता जागा पुरेना. "जरा सरका," चतुराबाई म्हणाली आणि सगळे सरकले. पुन्हा कुणी आलं, पुन्हा सरकले. फेट्यांच्या शेजारी कांद्याने माखलेले पदर बसले, भीमनगर आणि मळ्यातली माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली. माझी एक बोटभरही जागा रिकामी राहिली नाही. भाऊसाहेबांनी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि टोपण काढून लिहायला घेतलं. शंभर कधीच मागे पडले होते.

ज्योत्स्नाने अर्ज वाचला. बाजारतळ बाजारासाठीच राहील, गाळ्यांचा ठराव रद्द, ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा. चतुराबाईने दोन्ही हात वर केले.

"एकच पुरे, मावशी," भाऊसाहेब म्हणाले.

"मागल्या टायमाचा ऱ्हायलाय माझा," ती म्हणाली, आणि दोन्ही हात तसेच ठेवले.

ठराव रद्द झाला. पुढच्या गुरुवारी चतुराबाई निंबाखाली बसली आणि फक्कीच्या रेघेवर तिने वांग्यांचा ढीग लावला.

नाना अजून सरपंच आहेत. पुढच्या सभेआधी त्यांनी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणवल्या. सतरंजी फाटली, आता गावाने सुधारायला हवं, असं त्यांचं म्हणणं. बघायला खुर्च्या देखण्या आहेत, मला त्यांचा हेवा नाही. पण खुर्चीवर एक माणूस बसला की ती भरली. भरल्या खुर्च्या दाखवून उरलेल्यांना जागा नाही म्हणून सांगता येतं, आणि रिकाम्या खुर्च्या उचलून नेता येतात. माझ्यावर "जरा सरका" म्हटलं की आणखी एक माणूस मावतो. म्हणून दर सभेला चतुराबाई लवकर येते आणि केरूला सांगते, "त्या ऱ्हाऊ दे. आपली काढ." नाना खुर्चीवर बसतात. आम्ही बाकीचे खाली असतो.

एकदा चतुराबाई दाभण आणि सुतळी घेऊन आली होती, माझा कोपरा शिवायला. केरूने तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे तसाच," तो म्हणाला. "दिसू दे येनाऱ्या-जानाऱ्याला." तिने थोडा विचार केला आणि दाभण पदराला खोचून ती घरी गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा, ऊन दाखवा, घुशींपासून वाचवा. मी तसलं काही मागणार नाही. मला घडी घालून कपाटात जपलंत तर मी कसरीने मरेन, आणि ते मरण मला नको आहे. मला वापरून झिजवा. तुमच्या गावात, तुमच्या वॉर्डात माझी एखादी बहीण नक्की असेल, कुठल्या तरी कोपऱ्यात गुंडाळून उभी केलेली. घरी जाऊन आईला विचारा, आजीला विचारा, त्या शेवटच्या सभेला कधी गेल्या होत्या. आठवत नसेल तर पुढच्या सभेला हाताला धरून घेऊन या. कुणी म्हणेल सतरंजी धुवायला टाकलीय, तर खिडकीतून डोकावून बघा. कुणी म्हणेल सभा संपली, तर तसं कुठे लिहिलं आहे ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

माझ्याकडे आलात तर दारातच तो कोपरा दिसेल. त्याला कुणी टाका घालायचा नाही. तो ओलांडा, आत या, मधोमध मांडी घालून बसा, आणि अंग चोरू नका.